बाळंतपणाची रजा: तोंडी नको, लेखी मागा

नोकरीतली सगळी वर्षं मी पगार आणि रजा विभागात काढली. बाळंतपणाच्या रजेचे किती अर्ज माझ्या हातून गेले असतील, मोजदाद नाही. तेव्हा जे पाहिलं तेच या वेळच्या पत्रांत दिसतं. बाई साहेबांच्या केबिनमध्ये जाते, अवघडून विषय काढते, साहेब काहीतरी तोंडी सांगतात, आणि त्या तोंडी वाक्यावर तिचे पुढचे सहा महिने ठरतात. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न: ताई, मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही अठरा जण आहोत. पगार 28,000. नोकरीला साडेचार वर्षं झाली. मला पहिला मुलगा आहे आणि आता पाचवा महिना सुरू आहे. मालक म्हणाले, "दुसरं बाळ आहे, तीनच महिने मिळतील. नाहीतर आत्ता राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की परत घेऊ. तुम्ही घरच्यासारख्याच आहात." माणूस वाईट नाही हो. मी काय करू?

उत्तर: राजीनामा देऊ नका. आधी हे एवढं पक्कं करा, मग पुढचं वाचा.

दुसऱ्या बाळाला तीन महिने ही समजूत मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात पूर्वी सगळ्यांनाच 12 आठवडे होते. 1 एप्रिल 2017 पासून ते 26 आठवडे झाले. 12 आठवड्यांची मर्यादा उरली ती जिला आधीच दोन किंवा जास्त हयात मुलं आहेत तिच्यासाठी, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या बाळंतपणाला. तुम्हाला एक मुलगा आहे, तेव्हा तुमचे 26 आठवडे पूर्ण. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण या तरतुदी तशाच आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला, कार्यालयाला त्या लागू होतात. तुम्ही अठरा जण आहात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं, एवढी एकच अट. ती तुम्ही कधीच ओलांडली आहे.

आता राजीनाम्याचं. तुमची साडेचार वर्षं झालीत. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा धरतात, आणि बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे त्या सलग सेवेत मोजले जातात. रजा घेतलीत तर पाच वर्षं रजेतच पुरी होतील. राजीनामा दिलात तर सहा महिन्यांचा पगार जाईल, ग्रॅच्युइटीही जाईल, आणि "परत घेऊ" याला कागदाचा आधार नसेल. मालक चांगले असतील, मी नाही म्हणत नाही. पण वर्षभराने त्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसलेला असेल, नाहीतर तुमच्या जागी कमी पगारात दुसरं कोणी रुळलेलं असेल. रजेमुळे किंवा रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. पगार, पद, अटी तुमच्या तोट्याच्या करणंही बेकायदा. तसं झालंच तर 60 दिवसांत दाद मागता येते. हे सगळं संरक्षण राजीनाम्याच्या एका सहीने तुम्ही स्वतःहून सोडून द्याल.

अर्ज आज संध्याकाळी लिहा. मजकूर असा:

"मी आपल्या आस्थापनेत (तारीख) पासून (पद) या पदावर काम करते. मी गरोदर असून डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख (तारीख) दिली आहे. दाखला सोबत जोडला आहे. मी (तारीख) पासून कामावर हजर राहणार नाही. मला 26 आठवड्यांचा मातृत्व लाभ मिळावा. या काळात मी अन्य कोठेही नोकरी करणार नाही. लाभाची रक्कम माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. मी ती स्वीकारू शकले नाही तर (नाव) यांना द्यावी."

खाली सही, तारीख. दोन प्रती. एकीवर पोच घ्या, शिक्का नसेल तर सही चालेल. पोच द्यायला कुरकुर झाली तर तोच मजकूर मालकांना ई-मेल करा, अर्जाचा फोटो जोडा. भांडायचं काहीच नाही. हसतमुखाने कागद द्यायचा आणि पोच मागायची. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई म्हणून सांगते, लेखी अर्ज आला की आमच्याकडेही फाइल उघडावी लागायची, आणि उघडलेल्या फाइलला "नाही" लिहिताना साहेबसुद्धा नियम काढून बघायचे.

पैशांबद्दल दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. प्रसूतीच्या आधीच्या रजेचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात. उरलेले, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. रजेवरून परत या मग बघू, असं चालत नाही. दुसरी गोष्ट रविवारची. काही ठिकाणी आठवड्याचे सहाच दिवस धरून हिशेब करतात. आठवडा म्हणजे सात दिवस, साप्ताहिक सुट्टीसह, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच स्पष्ट केलं आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. सहा दिवसांच्या हिशेबाने ते 156 होतात, म्हणजे 26 दिवसांची मजुरी कापली गेली. हिशेबाचा कागद मागून घ्या. तुम्ही स्वतः अकाउंट्स बघता, आकडे तुमच्यापासून लपणार नाहीत.

एवढं करूनही नकार आला तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. सोबत पोच घेतलेला अर्ज, नेमणुकीचं पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि डॉक्टरांचा दाखला. यातलं नेमणुकीचं पत्र तुमच्याकडे आहे का, ते आत्ताच बघून ठेवा.

प्रश्न: मी कपड्यांच्या मोठ्या दुकानात सेल्सगर्ल आहे. सातवा महिना लागलाय. दिवसभर उभं राहावं लागतं, पाय सुजतात. बसायला स्टूल मागितलं तर मॅनेजर म्हणाले, बसून काम करायचं तर पगार कमी होईल.

उत्तर: मॅनेजरना सांगा, ताई म्हणाल्या की पगार कमी करता येत नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी साधारण दहा आठवड्यांपासून, तुम्ही मागणी केलीत तर, कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहायचं काम मालकाने द्यायचं नाही, असं कायदा म्हणतो. आणि हलकं काम दिलं म्हणून मजुरी कापायची नाही, हेही कायद्यातच आहे. "मागणी केलीत तर" हे शब्द महत्त्वाचे. म्हणून चार ओळींची चिठ्ठी द्या: बिलिंगच्या टेबलावर किंवा घड्या घालण्याच्या कामावर बसून काम मिळावं. डॉक्टरांकडून "सलग उभे राहणे टाळावे" असं लिहून घ्या आणि चिठ्ठीला जोडा.

सुजेबद्दल मात्र उद्याच डॉक्टरांना दाखवा. पायांबरोबर चेहरा, हात सुजत असतील, डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उद्याचीही वाट नको, आजच जा. रक्तदाब तपासून घेणं गरजेचं आहे.

प्रश्न: मी एजन्सीमार्फत एका संस्थेत लॅब असिस्टंट आहे. दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो. माझी तारीख जानेवारीतली आहे आणि करार मार्चमध्ये संपतो. एजन्सीवाले म्हणतात, करार संपला की रजाही संपली.

उत्तर: हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. करारावर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंचा करार रजा सुरू होताच काही दिवसांत संपला, आणि त्यांना तेवढ्याच दिवसांचा लाभ देऊ केला गेला. 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की पात्रतेची अट पूर्ण झाली असेल तर लाभ पूर्ण मिळायला हवा, जरी तो काळ कराराच्या मुदतीपलीकडे जात असला तरी. त्याआधी 2000 मध्ये दिल्ली महानगरपालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल आलेला आहे. कायम आणि हंगामी असा भेद बाळाला कळत नाही.

तुमच्या अर्जात कविता यादव निकालाचा उल्लेख करा. अर्ज एजन्सीला द्या आणि प्रत संस्थेला. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहू नये. पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जातेय का, तेही पगाराच्या पावतीवर बघा. कापली जात असेल तर पैसे एजन्सीच्या खिशातून जायचेच नाहीत, राज्य विमा महामंडळ देईल. तिथली अट वेगळी असते: लगतच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणी मोजायच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. तुमची वर्गणी नीट भरली गेली आहे की नाही, ते शाखेत जाऊन आताच तपासा.

प्रश्न: मी बाप होणार आहे. खासगी कंपनीत आहे. एचआरने सांगितलं, पॅटर्निटी लीव्ह आमच्या पॉलिसीत नाही. मित्र हसतात, "तुला कशाला रजा, तुला काय काम असणार?" खरंच काही तरतूद नाही का?

उत्तर: मित्रांना हसू द्या. तुम्ही पत्र लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. इतक्या पत्रांत बापाचं हे एकच आहे.

खासगी नोकरीतल्या बापाला आपल्याकडे कायद्याने एक दिवसाचीही पितृत्व रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर, आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. खासगी क्षेत्रात कंपनीने दिली तर दिली. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे आईला कामावर ठेवूच नये, असं आपला कायदा सांगतो, कारण तिचं शरीर तेव्हा सावरत असतं. मग त्या सहा आठवड्यांत घर कोण चालवणार, रात्री बाळाला कोण घेणार, तिला दवाखान्यात कोण नेणार, याचं उत्तर कायदा आजी-मावशीवर सोडून देतो. स्वीडनने 1974 मध्येच आईची रजा बदलून ती आईबापांची सामाईक रजा केली. नॉर्वेने 1993 मध्ये तिचा काही भाग फक्त बापासाठी राखून ठेवला. बापाने घेतली नाही तर तेवढी वाया जाते, ती आईकडे वळवता येत नाही. असं राखून ठेवल्यावरच तिथले बाप मोठ्या संख्येने रजा घ्यायला लागले. निव्वळ मुभा असते तेव्हा साहेबाच्या कपाळावरच्या आठीला घाबरून कोणी ती घेत नाही.

आता तुमच्यापुरतं. साठलेली हक्काची रजा आजपासून जपा. ती सगळी पहिल्याच आठवड्यात संपवू नका. पहिले काही दिवस घरात माणसं असतात, दवाखान्यात नर्स असतात. खरी ओढाताण सुरू होते ती पाहुणे परत गेल्यावर. प्रसूतीसाठी चार-पाच दिवस आणि सासूबाई किंवा आई परत निघाल्या की त्यापुढे सलग दहा-बारा दिवस, अशी विभागणी करा. कंपनीला लेखी विचारा: पहिले दोन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल का? आणि तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे असतील तर पॉलिसीत पितृत्व रजा घालावी असा एकत्र अर्ज द्या. धोरण एकट्याच्या अर्जाने सहसा बदलत नाही, चौघांच्या अर्जाने बैठकीत विषय तरी निघतो.

रजेत काय करायचं? रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्या. दूध पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटून झोपवणं तुमचं, म्हणजे तिला सलग तीन-चार तास झोप लागेल. लसीकरणाचं कार्ड, जन्माची नोंद, तिच्या लाभाचे कागद हे सगळं तुमच्याकडे. आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नाही असं म्हणत असेल, तर "होईल बरं" म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्ला देते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात असं तिने म्हटलं, तर तिला एकटं ठेवू नका, तशीच घेऊन दवाखाना गाठा.

प्रश्न: रजा कधीपासून घ्यावी? सासूबाई म्हणतात आठव्या महिन्यातच घरी बस.

उत्तर: 26 पैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आठही आधी घेतलेत तर नंतर 18 उरतात. म्हणजे बाळ चार महिन्यांचं झालं न झालं तोच तुम्ही कामावर. सहा महिने निव्वळ आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तब्येत साथ देत असेल, प्रवास झेपत असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर आधीची रजा कमी ठेवा आणि नंतरची वाढवा. धोक्याचं गरोदरपण असेल तर मात्र सासूबाईंचंच ऐका. गरोदरपणामुळे, प्रसूतीमुळे किंवा बाळ वेळेआधी झाल्यामुळे आजारपण आलं, तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते, हेही लक्षात असू द्या.

परत रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची आणि दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायचं. पाळणाघर लांब असेल तर त्या दोन सुट्ट्या जोडून संध्याकाळी लवकर निघण्याची परवानगी मागा. बऱ्याच ठिकाणी साहेबांनाही ते सोयीचं पडतं.

प्रश्न: तिसऱ्या महिन्यात माझा गर्भपात झाला. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. कोणालाच सांगितलं नाही. मैत्रीण म्हणते, यालाही रजा असते.

उत्तर: असते. गर्भपात झाल्याच्या दिवसानंतर सहा आठवडे, पगारासकट. एवढंच नाही, त्या सहा आठवड्यांत जाणूनबुजून कामावर ठेवायला मालकाला बंदी आहे. दवाखान्याचा दाखला पुरतो. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगायची गरज नाही, रजेचं काम बघणाऱ्या एकाच माणसाला बंद पाकिटात द्या. सहा आठवडे अजून उलटले नसतील तर उरलेले दिवस आजही मागा. आणि घरी एका तरी माणसाशी बोला. चौथ्या दिवशी कामावर गेलात म्हणजे दुःख कमी होतं असं कोणी समजणार नाही, तुम्हीही समजू नका.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे, चौदा कामगार. तुम्ही नेहमी नोकरदारांची बाजू घेता. सहा महिने घरी बसलेल्या बाईला पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसऱ्यालाही द्यायचा, हे लहान मालकाला कसं परवडेल? मग लोक बायकांना नोकरीच देत नाहीत.

उत्तर: तुमची अडचण खरी आहे. मी ती टाळणार नाही.

आपल्या कायद्याने रजा वाढवली, पण राज्य विमा योजनेबाहेरच्या बायकांसाठी तिचा खर्च पूर्णपणे मालकावर टाकला. बऱ्याच देशांत हे पैसे सामाजिक विम्यातून येतात, सगळ्या मालकांकडून आणि सरकारकडून थोडे थोडे जमा झालेले. त्यामुळे एखादी बाई नोकरीला ठेवली म्हणून एकाच मालकावर बोजा पडत नाही. हा वाद आपल्याकडे जुना आहे. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी मातृत्व लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. आणि त्याच भाषणात, बाईच्या श्रमांतून नफा मिळवणारा मालकही जबाबदारीतून पूर्ण सुटत नाही, असंही सांगितलं. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. इतक्या वर्षांनीही मला त्यांची दोन्ही वाक्यं पटतात. सरकारने वाटा उचलावा ही मागणी तुम्ही मालकांच्या संघटनेतून लावून धरा, मी तुमच्या बाजूने लिहीन.

पण तुमच्या हातात आजही उपाय आहे. चौदा कामगार म्हणजे तुम्ही राज्य विमा योजनेत येता. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. ते नियमित भरलेत तर त्या बायकांच्या 26 आठवड्यांचे पैसे महामंडळ देतं, तुम्ही नाही. तुमच्याकडे 21,000 च्या वर पगार घेणाऱ्या बायका किती आहेत, तेवढंच बघा. वर्गणी चुकवून नंतर रजेच्या नावाने ओरडणारे मालक मी पाहिलेत. तुम्ही त्यातले नसाल असं पत्रावरून वाटतं.

प्रश्न: आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची सून त्यांच्याबरोबर कामाला येते. तिला सहावा महिना आहे. तिच्यासाठी काही आहे का? आम्ही काय करू शकतो?

उत्तर: घरकाम करणाऱ्या बाईला वर सांगितलेली 26 आठवड्यांची रजा लागू होत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला 5,000 रुपये: गरोदरपणाची वेळेत नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर 3,000, मग बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्यातल्या लसी झाल्यावर 2,000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 एकदम. अंगणवाडी ताई किंवा आशाताई अर्ज भरून देतात. आधार कार्ड, तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि माता-बाल संरक्षण कार्ड लागेल. ई-श्रम कार्ड असेल तर पात्रतेचा पुरावा म्हणून चालतं. खातं नसतं म्हणून फार बायकांचे पैसे अडकतात, तेव्हा तिच्याबरोबर बँकेत तुम्ही जा.

आणि तिचा पगार चालू ठेवा. ती किती घरी काम करते ते विचारा. चार घरं असतील तर चौघींनी बसून ठरवा: तीन महिने तिचा पगार आपण द्यायचा, बदली बाईचा वेगळा. कोणत्या तारखेला किती पैसे खात्यात जातील, ते एका कागदावर लिहून चौघींनी सह्या करा आणि तो कागद तिला द्या.